शेवटचा आकडा

"बुधवारपर्यंत बंद" अशी पाटी मी कॅफेवर लावली, की कारेगावचे साहेब दारातच विचारायचे, "बुधवार धरून का सोडून?" तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्यासमोर आपलं बोलणं आपोआप नीट होतं.

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर माझं सायबर कॅफे होतं, तेव्हाची गोष्ट. साहेब कारखान्यात इन्स्पेक्टर होते; दिवसभर सुट्या भागांची मापं तपासायचे आणि दर रविवारी फ्लॉपी घेऊन माझ्याकडे यायचे. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं, कुणालाही फुकट मिळणारं गणिताचं एक सॉफ्टवेअर होतं. त्यासाठी ते एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा छोटा तुकडा, लिहीत होते. कुठून, कुठवर आणि केवढ्या पावलांनी ते सांगायचं, की सगळे आकडे ओळीनं हजर.

"साहेब, हे तर बालवाडीतली पोरं करतात," मी चिडवलं.

"म्हणून तर अवघड हाय, मालक. सोप्या कामाकडं कुणी नीट बघत न्हाई."

त्या लोकांचे ई-मेल माझ्याच पत्त्यावर यायचे. त्यांनी फंक्शन सॉफ्टवेअरमध्ये घेतल्याचं कळलं, तेव्हा साहेबांनी स्टँडभर पेढे वाटले. पेढेवाल्यालाही एक दिला.

पुढच्या महिन्यात मात्र पडलेल्या चेहऱ्यानं आले. शून्यापासून पॉइंट तीनपर्यंत, पॉइंट एकच्या पावलांनी आकडे मागितले, तर शेवटचा गायब! कॉम्प्युटरला पॉइंट एक नेमका धरता येत नाही, म्हणून त्याची बेरीज केसभर जास्त भरत होती. हद्द ओलांडली म्हणून पॉइंट तीन गळत होता.

"कुणाला कळलंय? गप बसा की," मी म्हणालो. "तुमचं काम काढून टाकतील."

"टाकू द्या. कुणाचं तरी माप चुकंल, आन् ते बिचारं सोताला येडं समजंल."

चूक माझी, असं त्यांनी आपणहून कळवलं. फंक्शन खरंच काढलं गेलं. मला संताप आला, साहेब शांत. पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसले: आधी पावलं किती ते मोजायचं, मग चालायचं. इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नवं फंक्शन पाठवलं आणि पुढच्या रविवारी ते आलेच नाहीत. हार्ट अटॅकनं गेले, असं कारेगावच्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं.

उत्तर त्यानंतर आलं. त्याची प्रिंट घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी कागद हातात घेतला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

"काय म्हणत्यात? ह्यांचं बरोबर हाय का आता?"

"व्हय, वहिनी. घेतलं त्यांनी. बरोबर हाय."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "लई घोर लावून घेतला व्हता. घास उतरत नव्हता त्यांना."