संडासच्या खिडकीतलं आतडं

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, माझ्याशी कधी थेट बोलले नाहीत. धाकट्या भावाच्या बायकोशी भासऱ्याने बोलू नये, ही माझ्या सासरची, अड्याळच्या घरची जुनी रीत. ते भिंतीशी बोलायचे, तेही तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून. प्रत्येक निरोपासरशी भिंतीवर लाल शिंतोडे उडायचे. मला किळस यायची. ते हातमागावर बसत. सुताला लावायची तांदळाची खळ त्यांच्या बोटांवर वाळलेली असे. जेवताना ती नखाने सोलून ताटाच्या कडेला ठेवत.

माझ्या नवऱ्याला आतड्याच्या सुजेचा जुना आजार. नागपूरच्या डॉक्टरांनी पोटाचा दुसरा एमआरआय करून सांगितलं, "आतडं एका जागी आखडलंय. आधीची फिल्म आणा. आखडणं वाढलं असेल, तर तेवढा तुकडा कापावा लागेल."

माझ्या घरी प्रत्येक कागदाला फाइल आहे. नेमकी पहिल्या एमआरआयची पिशवी अड्याळला राहिली होती. पहिल्या तपासणीनंतर हे तिथे विश्रांतीला गेले होते. दुसरी प्रत मागावी, तर ते तपासणी केंद्रही बंद पडलेलं. मी अड्याळ गाठलं. पिशवीतली सीडी वांग्याच्या वाफ्यात पाखरं पळवायला टांगलेली, उन्हाने पापुद्रे सुटलेली. आणि फिल्म?

भासरे भिंतीला म्हणाले, "तिले सांग, संडासच्या खिडकीले लावली. काच फुटली होती. लोकं पाहून राहिले होते."

"अहो, ते तुमच्या भावाचं आतडं आहे!" रीत मोडून मीच ओरडले.

"मंग? आतड्याची जागा थेच नाही का?"

जाऊबाई पदरात तोंड लपवून हसल्या.

फिल्म उलटी चिकटवलेली. वर पालीच्या लेंड्या, कोपऱ्यात खर्र्याची पिंक. नाक दाबून मी सुरी लावली, तोच दाराबाहेर बादली टेकल्याचा आवाज आला. भासरे बाहेरच्या भिंतीला सांगत होते,

"खरडू नको म्हना तिले. खळीनं लावली हाये, गोंदानं नाही. कोमट पानी मार म्हना, आपोआप सुटते."

सुटली. एक ओरखडा नाही.

डॉक्टरांनी दोन्ही फिल्म उजेडावर शेजारी लावल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी. "तेवढंच आहे," ते म्हणाले, "सूज उलट उतरलीय. कापायची गरज नाही."

जाऊबाईंना फोन केला, तर मागून आवाज आला, "मंग फोटू परत धाडून दे म्हना. आमी बसाचं कसं?"

मी धाडली नाही. त्यांनी खिडकीला पोतं लावलं.

गेल्या पावसाळ्यात भासरे गेले. मी तेरवीला अड्याळला गेले, तेव्हा ते पोतं कुबट वास मारत होतं. ते काढून फेकलं आणि फाइलीतून सोबत आणलेला माझ्या गुडघ्याचा जुना एक्स-रे खळीने नीट, कडा जुळवून लावला. मग फडकं घेऊन घरातल्या भिंतीवरचे खर्र्याचे शिंतोडे पुसायला लागले.

जाऊबाईंनी हात धरला. "राहू दे वो. थे सारं तुह्याशीच बोलनं होतं त्याइचं."

मी फडकं खाली ठेवलं. हात मात्र साबणाने खसखसून धुतले.