धुतलेला डबा

बाबा तुमसरला राईस मिलमध्ये कामाला होते. संध्याकाळी ते घरी आले की सायकलच्या हँडलला अडकवलेला डबा काढून आत नेणं माझं काम. आणीबाणीच्या आधीची ही गोष्ट, मी चौथी-पाचवीत असेन. माय चुलीपुढून मान वर न करता विचारायची, "धुतला आहे का?"

मिलमधली माणसं डबा धूत नसत. वाळलेलं वरण आणि चार शितं चिकटलेला डबा तसाच घरी यायचा. तो घासूनपुसून आला, म्हणजे कुण्या बाईनं घासला. ती बाई मिलच्या मागे राहायची. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मी "हो" म्हटलं की माय म्हणायची, "ठेव तिकडे." मग बाबांना वाढायची, आम्हाला वाढायची आणि पोट भरलं आहे म्हणून न जेवताच उठायची. कधी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं आणि तिचा रागही येतो.

एकदा माय विहिरीवर गेली असताना बाबा आले. डबा लख्ख होता. मी चुलीवरच्या गंजातलं थोडं वरण घेऊन डब्याला आतून फासलं आणि ती आल्यावर दाखवला. तिनं त्यात बोट घातलं.

"गरम आहे," एवढंच म्हणाली.

माझं लग्न वरठीजवळच्या गावात झालं. नवरा वरठीला कारखान्यात. सासरच्यांनी बाबांबद्दल ऐकलं होतं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. मनावर घेतलेलं होतं ते मीच. रोज संध्याकाळी मी डबा उघडून बघायची, त्यात वरण वाळलेलं असायचं, आणि माझी चार वर्षं बरी गेली. पोरगीही झाली.

मग एक दिवस डबा धुतलेला आला. दुसऱ्या दिवशीही तसाच. नंतर रोजच.

मी विचारलं नाही. पोट भरलं आहे असं सांगायला लागले. पोरीला आमच्या दोघांच्या मध्ये निजवायला लागले. नवऱ्यानं दोन-तीनदा विचारलं, काय झालं, बरं नाही का. मी बरं आहे म्हटलं. मला दुःख झालं असंही म्हणता येत नाही. काहीच होत नव्हतं. भाकरी थापत होते, अंगण झाडत होते, आणि हे असंच व्हायचं होतं, एवढं एकच डोक्यात होतं.

महिनाभरानं पोरीला शेजारी ठेवलं आणि दुपारच्या सुट्टीच्या वेळेला वरठीला चालत गेले. त्या बाईला एकदा बघावं, इतकाच विचार होता. कारखान्याच्या फाटकाबाहेर नळ होता. तिथे माझा नवरा उकिडवा बसून राखेनं डबा घासत होता. मला बघून ते तसेच धावत आले.

"काहून आली तू? पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे. असीच आली."

त्यांनी माझ्या नजरेकडे पाहिलं. ती त्यांच्या हातातल्या डब्यावर होती. माझ्या बाबांची सगळी कहाणी त्यांना माहीत होती.

"तुले तेवढंच एक भांडं कमी," ते म्हणाले, "म्हणून धुऊन घेतो."

तेव्हाच मी, रोज धूत जा, असं म्हणायला हवं होतं. आल्या वाटेनं परत आले.

दुसऱ्या दिवसापासून डबा खरकटा यायला लागला. त्यावर आम्ही कधीच बोललो नाही. मी पुन्हा जेवायला लागले, पोरगी पुन्हा कडेला झोपायला लागली. पण कुणीतरी न सांगता माझं एक काम हलकं केलं होतं, आणि ते मी बंद पाडलं.

पोरगी शाळेत जायला लागली. एका संध्याकाळी त्यांचा डबा आत आणून तिनं नाक मुरडलं.

"बाबा, आपला डबा आपण धुवावा म्हणते आमच्या बाई. तुमी काहून नाही धूत?"

ते पाय धूत होते. माझ्याकडे न बघता हसले.

"तुहा बाप आळशी आहे ना वो," ते म्हणाले.

पोरीनं डबा माझ्यापुढे ठेवला. मी वाळलेल्या वरणावर पाणी ओतलं.