मी बोलले की व्होल्टेज उतरायचं

रिटायर झाल्यावर यांनी हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोकांनी बिनतारी गप्पा मारायचा, सेट स्वतःच्या हाताने जोडला. त्याआधी आम्ही दोघांनी सोबतच परीक्षा देऊन लायसन काढलं होतं. मार्क कोणाला जास्त पडले ते मी सांगत नाही. तेही सांगत नाहीत.

सेटवर ऐकू छान यायचं. भद्रावतीचे यांचे मित्र तर शेजारच्या खोलीत बसल्यासारखे वाटायचे. पण यांनी माईकचं बटण दाबून "हॅलो" म्हटलं की सेटचा दिवा मिणमिणायचा आणि सगळं गप्प. लगेच मित्राचा फोन, "भाऊ, 'हॅ' आला, 'लो' काऊन नाई आला?"

यांनी आधी आमच्या मूल गावातल्या राइस मिलला दोष दिला, मग एरियल बांधलेल्या कडुनिंबाला. सेटला वीज देणाऱ्या पॉवर सप्लायवर मात्र शब्द येऊ देईनात, कारण तोही यांनी घरीच बनवलेला.

"मीटर लावून पाह्यला ना मी. बरोबर तेरा व्होल्ट येऊन राह्यले."

"अवो, पण बोलताना मोजले का?"

थोडा वेळ ते स्क्रूड्रायव्हर शोधत राहिले. तो हातातच होता.

मग तपासणीतला आवाज हवेत जाऊ नये म्हणून एरियलच्या जागी मोठा रेझिस्टर जोडला. यांनी मीटरच्या दोन्ही काड्या सेटमागे धरल्या आणि माईक मला दिला.

"बोल."

"काय बोलू?"

"काही बी."

मी जेवणाच्या टेबलापासून सुरुवात केली. त्यावर यांच्या तारा, आणि आम्ही ताटं घेऊन खाली. शिवाय नव्या चटईवर कथिलाचे थेंब. यांचे दोन्ही हात अडकलेले.

"जोरात बोल ना!"

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं. मी आवाज चढवला, आकडा नवावर घसरला, सेट बंद.

मग काड्या सप्लायच्या तोंडाशी लावल्या. तिथे मी कितीही तोंड चालवलं तरी तेरा ढळेनात. म्हणजे व्होल्टेज मधल्या वायरीतच जिरत होतं. ती होती बुद्धपौर्णिमेच्या रोषणाईतली, केसासारखी बारीक.

"हे काऊन लावली?"

"उरली होती," ते म्हणाले. "पण सप्लाय चांगलाच निघाला का नाई?"

बाजारातून जाड वायर आणून जोडली. संध्याकाळी मित्र म्हणाले, "खणखणीत येऊन राह्यला आवाज, भाऊ. बोला आता!"

बोलायला तडफडत होता हा माणूस. बटण दाबून विचारात पडला.

"इकडे लय ऊन हाये. ओव्हर."

"इकडे बी हाये, भाऊ. ओव्हर."

यांनी घाम पुसला आणि माईक माझ्याकडे सरकवला.