पडवीच्या चार ओळी

वनिता गेल्याचा फोन तिच्या भावाने धसईहून केला, तेव्हा मी कल्याणच्या ऑफिसात तिच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसले होते. हृदय बंद पडलं म्हणाला. त्याला आता दीड महिना झाला. साहेबांनी आम्हाला दोन मिनिटं उभं केलं आणि "आमच्या कुटुंबातली होती" म्हणाले. ती जायच्या तीन आठवडे आधी याच माणसाने तिला चोर ठरवून घरी पाठवलं होतं. मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, हीच माझी खोड.

आम्ही मुरबाडच्या कॉलेजात बरोबर शिकलो, एकाच छोट्या कंपनीत लागलो. पाड्यांवरच्या आरोग्य तपासणी शिबिरांचे रिपोर्ट क्लाउडवर ठेवायचं काम आमच्याकडे होतं. संमतीचा अंगठा द्यायला बायका बिचकायच्या. वनिता त्यांना सांगायची, "तुमचा कागद कोनी उघडला का त्याचं नाव लिवलं जाईल. मी हाय ना." नुसतं बोलली नाही, कोडमध्ये चार ओळी लिहून तिने तशी नोंद चालू केली. नोंदी जिथे साठायच्या त्या जागेला नाव दिलं पडवी. मी हसले, तर म्हणाली, "घरात कोन आला नं कोन गेला, पडवीला ठावं असतं."

पुढे काम सुपूर्द करायची घाई झाली. नोंदींच्या ढिगाने साहेब वैतागले. कोड तपासणारी मी. त्या चार ओळी मी काढल्या, नंतर टाकू म्हणून... आणि विसरले.

मग पाड्यावरच्या एका बाईचा आजार धसईच्या बाजारात सगळ्यांच्या तोंडी झाला. रिपोर्ट आमच्याकडूनच फुटला होता. पाडा वनिताचा, म्हणून रिपोर्ट चोरल्याचा संशयही तिच्यावर. तिने पडवी उघडली, तर मी ओळी काढल्या त्या दिवसापासून ती रिकामी; रिपोर्ट कोणी उघडला याचा पुरावाच नाही. पाड्यावरच्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या.

पण कोड कोणी बदलला याचीही नोंद राहते. ती बघून तिने मला फोन केला. "तुझं नाव दिसलं गो. मी नाय सांगायची. तूच सांग." मी हो म्हणाले आणि नोकरीच्या भीतीने रोज उद्यावर ढकललं. साहेबांचा राग येतो, रिपोर्ट फोडणाऱ्याचा येतो, पण स्वतःचा इतका येतो की तोंडातला घास थुंकावासा वाटतो. लोक तिला सोशिक म्हणतात. सोशिक कसली, माझी वाट बघत होती ती.

गेल्या आठवड्यात ऑफिसात सगळं लिहून दिलं. मग पाड्यावर जाऊन बायकांसमोर तिच्या आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"वनी बोलायची, ती येल सांगाया," ती म्हणाली. "लय दिस लावलेस गो."