आकड्यात बसलेली घरं

किस्से कोणी जमा करत नाही, ते आपोआप साचतात, माठाखाली पाणी साचतं तसे. त्यातून तुम्ही चपरासी असाल तर विचारूच नका. साहेब लोक तुमच्यासमोर काहीही बोलतात, जसं काही खोलीत कोणी नाहीच. मी इंदुरात एका सरकारी ऑफिसात पाणी देत, फायली उचलत आयुष्य काढलं. ऑफिसचं नाव सांगत नाही. त्या इमारतीचा काही दोष नव्हता, भिंती चांगल्या होत्या. शाळेत मी गेलो नाही, वाचायला फायलींवरची नावं बघून शिकलो, त्यामुळे माझं सगळं जरा हळू चालतं. बसा, सांगतो.

आमच्याकडे नवीन घर बांधायची परवानगी मिळायची. दर महिन्याला अशा किती परवानग्या दिल्या, त्याचा तक्ता वर पाठवायचा. वर म्हणजे कुठे, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की सगळे छताकडे बघायचे.

*

तक्ता भरायचे तिवारीजी. माणूस गोड, आवाज चढवत नसे. महिना संपायला पाच दिवस असतानाच आकडा पाठवून मोकळे होत. एकदा मी म्हटलं, "तिवारीजी, अजून पाच दिवस आहेत. त्यात ज्या परवानग्या निघतील त्यांचं काय?"

"काका, निकलेंगी ही नहीं. आँकड़ा जा चुका है."

मला वाटलं चेष्टा करून राहिले. पण आकडा गेला की मंजूर झालेले नकाशेसुद्धा खरंच पहिल्या तारखेपर्यंत कपाटात. लोक बाहेर बाकावर बसलेले. आधी आकडा, मग शहराने त्याच्याबरहुकूम वागायचं. नकाशांवर शिक्का मी मारायचो, त्यामुळे खरे किती ते मला ठाऊक असायचं. मला कोणी विचारलं नाही.

*

मग जामदार साहेब आले, पुण्याचे. मला "मामा" म्हणायचे, बाकी अर्धं इंग्रजीत. आल्या आल्या त्यांनी भिंतीवर मोठा ग्राफ लावला. "मामा, डेटा बोलला पाहिजे." मी म्हटलं, बरं, आणि त्याच्याखालची धूळ पुसली.

वरून एक मॅडम तपासणीला आल्या. ग्राफची रेघ एका ठिकाणी एकदम जमिनीला टेकली होती. मॅडमनी बोट ठेवलं. "या महिन्यात इंदुरात एकानेही घर बांधायला काढलं नाही?"

तिवारीजी उभे राहिले. "मॅडम, उस महीने मैं छुट्टी पर था."

गौतमपुऱ्याला साल्याकडे गेले होते. तिथे दिवाळीनंतर दोन बाजूचे गडी एकमेकांवर पेटते हिंगोट फेकतात, म्हणजे आत बारूद भरलेली फळं. ते बघताना हात भाजला, म्हणून महिनाभर घरी. तेवढा वेळ शहरात वीट हलली नाही.

जामदार साहेबांनी सावरून घेतलं. "सणामुळे बांधकामात तात्पुरती घट, मॅडम." मॅडमनी लिहून घेतलं. पुढे ते सरकारी पुस्तकात छापून आलं. मी स्वतः दोन दिवस लावून वाचलं.

*

साहेबांनी ट्रेनिंगही ठेवलं होतं. बाहेरून मोठे तज्ज्ञ बोलावले. त्यांनी विचारलं, "नव्या घरांची ही माहिती आपण का गोळा करतो? कोण सांगेल?"

सगळे पोह्यांच्या प्लेटीत बघायला लागले. शेवटी मागून कोणी तरी म्हणालं, "सर, माँगते हैं इसलिए."

तज्ज्ञांनी ते फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

*

आता मालतीबाई. बड्या गणपतीजवळ भाड्याच्या खोलीत राहायच्या. त्यांचे पणजोबा म्हणे होळकरांच्या फौजेत घोड्यावर होते. बाई सांवेर रोडला एका कारखान्यात डबे पॅक करायच्या, बसने जायच्या. नवरा नाही. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. घरमालक मकान विकून राहिला होता, दिवाळीनंतर खोली खाली करा म्हणाला. दुसरी खोली कोणी देईना, कारण सासूबाईंना बघितलं की लोक विचार करतात, ही इथेच गेली तर? सांवेर रोडच्या मागे नवऱ्याने घेतलेला लहानसा प्लॉट होता. तिथे दोन खोल्या काढायच्या, एवढंच. पण परवानगीशिवाय विजेचं कनेक्शन मिळत नाही, आणि आजारी माणसाला अंधारात ठेवायचं कसं?

तक्त्यात खोल्यांचा एक रकाना असतो. तिवारीजी तो माणसाकडे बघून भरायचे. पोट सुटलेला असेल तर चार खोल्या. मालतीबाईंकडे बघून म्हणाले, "अकेली हो? एक कमरा लिखता हूँ."

"सासूबाई आहेत."

"वो कितने दिन?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "तिवारीजी, आधी तुमचे किती ते लिहा. मग त्यांचे सांगते."

दोन खोल्या लिहिल्या गेल्या.

*

परवानगी मात्र निघेना. त्यात वरून आदेश आला, नुसता आकडा नको, प्लॉट नंबरांची यादीही जोडा. तिवारीजींचा आकडा आधीच गेलेला. यादी केली तर आकड्यापेक्षा एक घर कमी.

तिवारीजींनी ढिगातला सगळ्यात वरचा अर्ज उचलला आणि त्याचा नंबर यादीत घातला. मालतीबाईंचा. परवानगी दिली, असं वर कळवलं. बाईंना कोणी कळवलं नाही, कारण दिलेलीच नव्हती.

मी तिथे पाण्याचा ग्लास घेऊन उभा होतो. सगळं बघितलं. बोललो नाही. चाळीस वर्षांत न बोलायची सवय हाडात जाते, आणि त्याचं नाव आपण गरिबी ठेवतो. त्यानंतर बाई दर सोमवारी यायच्या, "काका, आज काही?" विचारायच्या, आणि मी त्यांना पाणी द्यायचो.

*

आमच्याकडे अजून एक रीत होती. किती घरं बांधून पूर्ण झाली, तेही वर सांगायचं असतं. त्यासाठी जाऊन बघायला पाहिजे. गाडी नाही, डिझेल नाही, मग गेल्या वर्षी ज्यांना परवानगी दिली ती सगळी घरं यंदा पूर्ण, असं ठरलेलं. परवानगी मिळाल्यावर माणूस घर बांधणार नाही तर काय करेल?

वर्ष फिरलं. बाई हातापाया पडल्या म्हणून घरमालकाने एक दिवाळी सोडली होती, आता दुसरी जवळ आली. शेवटी बाईंचा अर्ज खरोखर साहेबांच्या टेबलावर पोचला. साहेबांनी नंबर कम्प्युटरवर घातला.

"मॅडम, तुमचं घर तर पूर्ण झालंय."

"कधी?"

"गेल्या महिन्यात."

"बघा," बाई म्हणाल्या, "मला वास्तुशांतीलासुद्धा बोलावलं नाही."

साहेब हसले नाहीत. म्हणाले, रेकॉर्डप्रमाणे तिथे घर उभं आहे, म्हणून नवीन घराची परवानगी देता येणार नाही. आधी जुनं पाडायची परवानगी घ्या, मग बांधायची.

"पाडू कशाला? असेल चांगलं. मलाच दिसत नाही तेवढं."

तरी साहेब ऐकेनात. रेकॉर्ड वर गेलेलं, ते खोटं कसं म्हणणार? तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, एकदा जाऊन बघा की." खोलीत सगळे माझ्याकडे वळले, जसं काही कपाट बोललं. पण साहेबांना ते पटलं. पंचनामा करू म्हणाले.

*

परवानगी मिळाली, ते आधीच सांगून टाकतो, नाही तर तुम्ही त्याच काळजीत बसाल. दोन खोल्या झाल्या, वीज आली, सासूबाईंची खाट दारापाशी लावली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची त्या पूर्ण चौकशी करतात. पण त्या दिवसाचं ऐका.

आम्ही तिघं दुसऱ्या ऑफिसातून मागून आणलेल्या जीपने गेलो. साहेब, तिवारीजी आणि टेप धरायला मी. एका गोदामाच्या मागे प्लॉट. गुडघाभर गवत, एक बाभूळ, हद्दीचे चार दगड. बाकी मोकळं आभाळ. साहेबांनी पॅड काढलं आणि घराचा छापील फॉर्म लावला, मोकळ्या जागेचा फॉर्म आमच्याकडे नव्हताच.

तिवारीजींनी विचारलं, "सर, मेन दरवाज़ा किधर लिखूँ?"

साहेबांनी गवताकडे नीट बघितलं. "पूर्वेला लिहा. पूर्वेला चांगलं असतं."

मालतीबाई कामावरून परस्पर आल्या होत्या, डोक्याला अजून कारखान्याची टोपी. त्या दोन दगडांच्या मधून आत गेल्या, टोपी काढली, पदर नीट केला आणि वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "या साहेब. फक्त बूट बाहेर काढा. सासूबाईंचा आत्ताच डोळा लागलाय."

साहेबांनी पॅड माझ्या हातात दिलं, वाकले, आणि बुटाची नाडी सोडायला लागले.