आत्याने जोडलेल्या दोन खोल्या

आतोबा स्वतः कधी फोन करत नसत. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांची जीभ जड झाली होती. नंबर लावून द्यायलाही मालतीआत्या लागायची. त्यामुळे त्या दुपारी कुकटपल्लीच्या ऑफिसात त्यांचं नाव फोनवर दिसलं, तेव्हा आत्याच असेल असं धरून मी बोलत सुटलो. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास. मग, "अरे... मालती गेली." सकाळी ओट्यापाशी ती मटकन खाली बसली आणि डॉक्टर पोचायच्या आत सगळं संपलं होतं.

माझी ही आत्या लग्न होऊन हैदराबादला आली आणि इथलीच झाली. 'हौ' आणि 'नक्को' तिच्या मराठीत केव्हा शिरले ते तिलाही सांगता आलं नसतं. जामबागेतल्या एका शाळेत ती रसायनशास्त्र शिकवायची. मी पुण्याहून नोकरीसाठी आलो तेव्हा पहिले चार महिने त्यांच्या नारायणगुड्याच्या घरी राहिलो. लिफ्टमध्ये फोनची रेंज का जाते, वायफाय भिंतीतून कसं येतं, असं ती जेवताना विचारायची. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला हे माहीत असणारच, अशी तिची समजूत. मी काहीतरी ठोकून द्यायचो, आणि ते तिला लगेच कळायचं.

आतोबा सरकारी खात्यात नकाशे काढत. सुटीच्या दिवशी स्कूटरवरून शहराबाहेर जाऊन ते मोठमोठ्या खडकांचे फोटो काढायचे. एकावर एक तोललेले ते धोंडे पुढे सुरुंग लावून फोडले गेले, तिथे आता इमारती आहेत. झटक्यानंतर आतोबांची खाट बाहेरच्या खोलीत आली, आणि आत्याने ते सगळे फोटो स्कॅन करून आतल्या खोलीतल्या आपल्या कॉम्प्युटरवर घेतले. पण तिथे फोटोंना नावं म्हणून नुसते आकडे होते, आणि कुठला खडक कुठला, हे एकट्या आतोबांना ठाऊक. म्हणून ठरलं, की त्यांनी खाटेवरच्या लॅपटॉपवर फोटो उघडायचे आणि डाव्या हाताने एकेकाला नाव द्यायचं. पहिले दोन दिवस ते नुसते फोटो पाहत राहिले. मग इंटरनेटवाल्यांनी नवा राउटर बसवला, आणि लॅपटॉपला आत्याचा कॉम्प्युटर सापडेनासा झाला.

त्या शनिवारी मी गेलो. पेनड्राइव्हवर फोटो घालून देतो म्हणालो.

"पेनड्राइव्ह नक्को," आत्या म्हणाली. "दर वेळी त्यांना मला हाक मारावी लागेल. पाण्याच्या भांड्यापासून सगळ्याला हाक मारतातच. हे एक तरी त्यांचं त्यांनी उघडावं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग तिच्या कॉम्प्युटरचा फायरवॉल बंद केला, आणि मिनिटाभरात लॅपटॉपवर फोटो आले. आतोबा अर्ध्या ओठांनी हसले. मी चपला घालायला निघालो, तर आत्याने विचारलं, काय केलंस? बाहेरून येणाऱ्याला अडवणारा पहारा काढला, असं मी सांगितलं. राहू दे बंदच, म्हटलं.

"वॉचमनला घरी पाठवलंस म्हणून पाहुणे आत आले. पण त्याने त्यांना अडवलं का होतं?"

तिने फायरवॉल पुन्हा चालू केला.

पुढचे काही दिवस ती एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय झालं ते वहीत लिहायची, आणि मला जेवणाच्या सुटीत फोन करायची. दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर आहेत. कॉम्प्युटरच्या नावाऐवजी त्याचा आकड्यांचा पत्ता घालून पाहिला, तरी उत्तर नाही. बुधवारी मात्र फोनवर आधी हसलीच. नवा राउटर आल्यावर कॉम्प्युटरला वाटलं होतं, की आपण परक्या जागी, एखाद्या स्टेशनबिशनवर आहोत. म्हणून त्याने दारं लावून घेतली होती. "त्याला सांगितलं, बाबा, हे घरच आहे." एवढीच ती एक सेटिंग... माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मी ती पाहिली नव्हती. नंतर फोटो दिसत, पण नाव बदलता येईना. फोल्डरला फक्त वाचायची परवानगी होती. ते तिने अर्ध्या तासात शोधलं, मला न विचारता. तेव्हापासून रोज सकाळी ती चहा घेऊन कॉम्प्युटरवर तो फोल्डर उघडून बसायची.

परवा रविवारी गेलो होतो. आतोबांकडे आता दिवसभर एक बाई असतात. आतोबांनी मला खुणेने आतला कॉम्प्युटर लावायला सांगितला. मी आत्याच्या खुर्चीत बसलो आणि सहज तो फोल्डर उघडला. थोड्या वेळाने पाहतो तर यादीतला एक आकडा गेला होता, तिथे गावाचं नाव आलं होतं. मग दुसरा... बाहेरच्या खोलीतून आवाज काहीच नाही. आत्या रोज सकाळी चहा घेऊन इथे का बसायची, हे मला तेव्हा कळलं. हाक न मारता तिला समजायचं, की ते जागे आहेत, कामात आहेत.

तिसरं नाव यायला फार वेळ लागला. मी तो फोटो उघडला. दोन मजली घराएवढा खडक, आणि पायथ्याशी उन्हात डोळे बारीक करून उभी असलेली तरुण आत्या. खडक केवढा ते कळावं म्हणून आतोबांनी तिला उभं केलं असणार. खाली नाव होतं : मौला अलीच्या वाटेवर, शेजारी मालती, उंची पाच फूट एक इंच.