उजवीकडची खुर्ची

माझा मामा वेताच्या खुर्च्या विणतो. जन्मभर लोकांच्या बुडाची काळजी वाहणाऱ्या या माणसाला स्वतः टेकायला फुरसत नसते, हे त्याच्याकडे राहायला आल्यावर मला कळलं. मी इथल्या छापखान्यात कामाला लागलो तेव्हा आई म्हणाली, "मामाकडेच राहा. मामी गेल्यापासून अगदी एकटा पडलाय रे तो."

पण दर गुरुवारी संध्याकाळी सहाला मामाच्या दुकानात सात खुर्च्या गोल मांडलेल्या असत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आईवर हसलो. सव्वासहाला हसू मावळलं. सातांतल्या एका खुर्चीवर मामा होता, सहा रिकाम्या.

या सात खुर्च्यांचा इतिहास मामाने मला हप्त्याहप्त्याने सांगितला. वीस वर्षांपूर्वी इथल्या चर्चच्या दाराला दोन कुलपं होती. मंडळीत दोन तट, दोघांचा एकमेकांवर काडीचा भरवसा नाही. रविवारी दोन्ही किल्लीवाले एकाच वेळी उगवले तरच देवाची भेट व्हायची. तेव्हा मामाने दुकानात गुरुवारच्या प्रार्थनेसाठी चार खुर्च्या मांडल्या, दोन या तटाच्या, दोन त्या तटाच्या. पुढे त्यांच्या सात झाल्या. प्रार्थनेला नियम एकच होता. स्वतःसाठी काही मागायचं नाही, तुझं मागणं तुझ्या उजवीकडचा मागेल.

आता शेजाऱ्यासाठी मागायचं तर त्याला काय हवंय ते ठाऊक पाहिजे, आणि त्यासाठी त्याच्या घरची पायरी चढली पाहिजे. गटात एक नर्स होती. इस्पितळात सिस्टर आणि चर्चमध्येही सिस्टर, दरारा दोन्हीकडे सारखाच. सुरुवातीला तिच्या डावीकडे आला नेमका विरुद्ध तटाचा बस कंडक्टर. ती नाक मुरडत त्याच्या घरी गेली, तर त्याची आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली. आठवडाभर सिस्टरने तिचं अंग पुसलं. असं करत करत सहा महिन्यांत दाराचं एक कुलूप उतरलं. कोणी उतरवलं, ते अजून कोणी कबूल करत नाही.

मग ही मंडळी इस्पितळात जाऊ लागली. ज्या पेशंटला कोणी नाही त्याच्या उशाशी मामाच्या दुकानातली एक खुर्ची आणि तीवर गटातला एक माणूस. पेशंट कुठल्या देवाचा, हे विचारायचं नाही. बघता बघता गल्लीतले इतर लोकही पाळी लावून बसू लागले. आजही कोणी भरती झालं की गावात पहिला प्रश्न असतो, "खुर्ची लागली का?" गिऱ्हाइकाने टाकून दिलेल्या खुर्च्यांनी गावाला एक सवय लावली, आणि सवय लावणारे हळूहळू पांगले.

दोघं वारले. दोघं मुलांकडे परदेशी गेले. सिस्टर लांबच्या शहरात लेकीकडे गेली. कंडक्टरने नव्या वसाहतीत घर घेतलं, दोन बस बदलून यायचं आणि गुडघे गेलेले. चर्चचं म्हणाल तर बरं चाललंय, मोठा पडदा आहे, मोठे स्पीकर आहेत. पाळकसाहेब भले माणूस. एकदा दुकानात येऊन म्हणाले, "काका, गुरुवारचं आता पुरे करा. रविवारी तीनशे माणसं असतात, त्यांत या."

"रविवारी पाठी दिसतात हो साहेब," मामा म्हणाला. "इथे तोंडं दिसायची."

पाळकसाहेबांनी सहा रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि चहा संपवला.

मामाचं एक बिंग मात्र मलाच ठाऊक होतं. गुरुवारी दुपारपासून लांबलांबून फोन यायचे. कोणाच्या नातवाची परीक्षा, कोणाच्या सुनेचं बाळंतपण. "सगळ्यांना सांग हं," ते म्हणत. मामा म्हणे, "सांगतो की. झकास चाललंय." सहाला तो एकेका खुर्चीवर जाऊन बसे आणि डावीकडच्यासाठी मागे. लांबून पाहिलं तर म्हातारा एकटाच संगीतखुर्ची खेळतोय असं वाटे. एक खुर्ची मात्र तो कायम वगळायचा. सिस्टरची, पुढे जागा बदलल्यावर त्याच्या स्वतःच्या उजवीकडे आलेली.

"ती का सोडतोस?"

"तिथे बसून माझंच मागू? लबाडी नाही का ती?"

"आणि झकास चाललंय, ही कुठली सचोटी?"

मामा वेताची पट्टी बादलीत भिजत घालू लागला. घालता घालता म्हणाला, "त्यांना वाटतं आपल्यासाठी सात जण बसलेत. ते कशाला मोडा?"

त्याच हिवाळ्यात मामाच्या उजव्या हाताची बोटं अंगठ्यासकट बधिर झाली. वेताच्या पट्टीला एक गुळगुळीत बाजू असते, एक खरबरीत. मामा ती डोळ्यांनी बघत नसे, अंगठ्याने ओळखत असे. एके दिवशी एक बाई खुर्ची परत घेऊन आल्या. "काका, साडीचे धागे निघतात हो." अर्धी जाळी उलटी विणली गेली होती. मामाने चारचारदा हात फिरवून पाहिला. त्याला काहीच लागलं नाही.

डॉक्टर म्हणाले, मनगटातली नस दबलीय, तिच्यावरचा पट्टा कापून ती मोकळी करू. स्पर्श परत येईल याची खात्री नाही. शुक्रवार ठरला. हात गेला तर दुकान गेलं, आणि दुकान गेलं तर गुरुवारही. मामा कोणालाच काही बोलला नाही. नियमच होता ना तसा! उजवीकडच्याने विचारायचं, आणि उजवीकडे हवा बसलेली.

आदल्या दिवशी, गुरुवारी, पावणेसहाला फोन वाजला. मामाच्या हातून तो निसटून भुशात पडला. मी उचलला. सिस्टर होती.

"कोण? भाचा का रे? माझ्या नातीचा ताप उतरत नाहीये, सांग सगळ्यांना. कोण कोण आलंय?"

मामा मानेने नाही नाही करत होता. मी देवाधर्मातला नाही, त्यामुळे खोटं बोलायला मला तसं कोणाचं भय नाही. पण त्या बाईला खोटं सांगायची छाती होईना.

"कोणी नाही, सिस्टर. तीन वर्षं झाली. मामा एकटाच असतो."



"मग त्याच्या उजव्या हाताला कोण बसतं?"

"कोणी नाही. आणि उद्या त्याच हाताचं ऑपरेशन आहे."

"गाढव आहे तुझा मामा. मी आहे शंभर गाढवांची गाढव. तिकडे सात जण आहेत म्हणून मी इथे शेजारणीला सुद्धा विचारलं नाही कधी." मग तिचा इस्पितळातला आवाज आला, "फोन माझ्या खुर्चीवर ठेव. आणि तू गप्प बस."

मी फोन स्पीकरवर टाकून तिच्या खुर्चीच्या जाळीवर ठेवला. त्या रिकाम्या खुर्चीतून एक म्हातारा आवाज मामासाठी मागू लागला. "प्रभू, याच्या बोटांना परत कळू दे. खरबरीत काय, गुळगुळीत काय." मामा मान खाली घालून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. मी बादलीकडे बघत राहिलो.

शुक्रवारी छापखान्यातून सुटून इस्पितळात पोचलो, तर मामाच्या उशाशी खुर्ची लागलेली, मामानेच कधीतरी विणलेली. तीवर एक बेढब म्हातारा गुडघे चोळत होता.

"सिस्टरने फोनवर सोलून काढलं मला," कंडक्टर मामाला सांगत होता. "अरे वेतवाल्या, तोंड नव्हतं तुला? मी आपला समजत होतो, सहा जण आहेत, सातवा नसला तर काय बिघडलं!"

"सगळे तेच समजत होते," मामा म्हणाला.

कंडक्टर शेवटच्या बसच्या चिंतेने लवकर उठला. महिन्यातून एकदा येईन म्हणाला, आणि येतो. मामाच्या अंगठ्याला आता कळतं, दोन बोटांना नाही. काम अर्ध्यावर आलंय, पण जाळी सुलटी असते. सिस्टर तिकडे शेजारणीला घेऊन बसते. दोन खुर्च्या आहेत आणि एक स्टूल, असं कळलं.

परवाच्या गुरुवारी तिचा फोन आला तेव्हा मी दारात चपला काढत होतो.

"कोण कोण आलंय?"

मामाने गोलाकडे एक नजर टाकली.

"कोणी नाही गं," तो म्हणाला. "मी एकटाच आहे."

आणि त्याने फोन उजवीकडच्या खुर्चीवर ठेवला.